'उरेशिइ' नीट म्हणायला शिका: जपानीतल्या आनंदाच्या एका शब्दाची पुरती ओळख

जपानी शिकायला लागलं की पहिल्या काही धड्यांतच भावनांच्या शब्दांची यादी हातात पडते. उरेशिइ म्हणजे आनंद, कानाशिइ म्हणजे दुःख, साबिशिइ म्हणजे एकटं वाटणं, कोवाइ म्हणजे भीती. यादी पाठ होते, चाचणीत गुणही पडतात. पण ऑफिसातले तानाका-सान सुट्टीवरून येताना आणलेला खाऊ हातावर ठेवतात, तेव्हा तोंडातून नुसतं 'आरिगातोउ' निघतं आणि गाडी तिथेच थांबते.

यात विद्यार्थ्यांचा दोष कमी आहे. पुण्या-मुंबईत बहुतेक जण जेएलपीटी डोळ्यांसमोर ठेवून शिकतात. जुलै आणि डिसेंबरमध्ये होणाऱ्या या परीक्षेत शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं आहे, बोलणं नाही. त्यामुळे वरच्या पातळ्या पास झालेली माणसंही 'मला फार बरं वाटलं' एवढं सांगताना अडखळतात.

म्हणून या लेखात एकच शब्द घेते आणि तो मुळापासून बघू. भावनेचे वीस शब्द अर्धवट येण्यापेक्षा एक 'उरेशिइ' नीट यावा असं माझं ठाम मत आहे. कारण या शब्दाबरोबर एक प्रश्न कायम येतो: आनंद झालाय तो नेमका कुणाला? मराठीत हा प्रश्न आपल्याला फारसा अडवत नाही. जपानीत वाक्याची अख्खी बांधणी त्यावर ठरते.

पायरी १: चार मात्रा

मी 'उरेशिइ' असं लिहिते, 'उरेशी' नाही. जपानी माणूस हा शब्द चार मात्रांत बोलतो: उ, रे, शि, इ. चौघींना सारखाच वेळ. शाळेत लघु-गुरू मोजले असतील तर हे लगेच कळेल, पण एक फरक आहे. आपल्या हिशोबात 'रे' गुरू, म्हणजे दोन मात्रांचा. जपानीत तो एकाच मात्रेत उरकायचा. मराठी जिभेला 'ए' लांबवायची सवय असल्यामुळे 'उरेऽशी' होतं. रे ऐसपैस बसतो आणि शेवटच्या दोघी एकमेकींत मिसळून जातात. रे आखूड करा आणि शेवटची इ स्वतंत्रपणे ऐकू येऊ द्या. ही इ गिळली तर पुढे अर्थच बदलतो, ते चौथ्या पायरीत येईल.

'उ' म्हणताना ओठांचा चंबू करायचा नाही, ओठ सैलच ठेवायचे. स्वराची उंची टोकियोच्या बोलीत अशी: उ खाली, रे आणि शि वर, शेवटची इ पुन्हा खाली. कान तयार होईपर्यंत टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी बनवलेला 'ओजॅड' हा मोफत ऑनलाइन उच्चारकोश उघडून ठेवा. शब्द टाकला की चढउताराची रेघ दिसते, आवाजही ऐकता येतो.

'देसु' लिहितात, पण ऐकू येतं ते 'देस', म्हणून मी तसंच लिहिणार आहे. भूतकाळी 'उरेशिकात्ता' मधला 'शि' टोकियोकडे इतका हलका होतो की कानावर 'उरेश्कात्ता' पडतं. तसं ऐकलंत तर हा वेगळा शब्द आहे असं समजू नका. 'कात्ता' मधला 'त्त' आपल्या 'पत्ता'सारखाच, त्यामुळे तिथे आपलं काही अडत नाही.

पायरी २: कोणता आनंद?

शब्दकोशात उरेशिइ, तानोशिइ आणि शिआवासे या तिघांपुढेही 'आनंदी' सापडतं आणि घोळ सुरू होतो. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा घोळ बराच काळ छळतो. मराठीतून शिकणाऱ्यांनी मधे इंग्रजी आणूच नये, कारण आपल्याकडे तीन वेगळे बोलण्याचे प्रकार तयारच आहेत.

'आनंद झाला', 'बरं वाटलं' म्हणाल तिथे उरेशिइ. काहीतरी घडलं आणि त्याला मनाने दिलेलं हे उत्तर. बातमी आली, कौतुक झालं, जुना मित्र भेटला.

'मजा आली' म्हणाल तिथे तानोशिइ. हे काही करत असतानाचं. सहल, गप्पा, खेळ, कधीकधी अभ्याससुद्धा.

'सुखात आहे' म्हणाल तिथे शिआवासे. हे जास्त खोल आणि जास्त टिकणारं.

एकाच पार्टीबद्दल दोन्ही शब्द येतात. बोलावणं आलं तेव्हा 'पाआतिइ नि योबारेते उरेशिइ', म्हणजे मला बोलावलं याचा आनंद. दुसऱ्या दिवशी 'पाआतिइ वा तानोशिकात्ता', म्हणजे पार्टीत मजा आली. इथे 'पार्टी उरेशिकात्ता' म्हटलं तर ऐकणारा क्षणभर गोंधळतो: पार्टीतलं काय मिळालं म्हणून आनंद?

खेळाडूंच्या तोंडी हे शब्द फार स्वच्छ ऐकू येतात. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये चौदा वर्षांच्या इवासाकी क्योओकोने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सुवर्ण जिंकलं आणि ती म्हणाली, 'इमा मादे इकिते किता नाका दे इचिबान शिआवासे देस', म्हणजे आजवरच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं सुख. चौदा वर्षांच्या मुलीने 'आजवरच्या आयुष्यात' म्हणावं याची जपानमध्ये अजून गंमत वाटते. २००४ला अथेन्समध्ये किताजिमा कोओसुकेने १०० मीटर जिंकल्यावर म्हटलं, 'चोओ किमोचि इइ', म्हणजे अंगभर भारी वाटतंय. ते त्या वर्षीच्या सर्वांत गाजलेल्या वाक्प्रयोगाचं बक्षीसही घेऊन गेलं. एकीने आयुष्याकडे बघून सुख म्हटलं, दुसऱ्याने शरीराला काय वाटलं ते सांगितलं. बाकीचे असंख्य विजेते मात्र साधं 'होन्तोओ नि उरेशिइ देस', खरंच खूप आनंद झालाय, एवढंच म्हणतात. सुरुवातीला तुम्हीही तेवढंच म्हणायचं आहे.

पायरी ३: रूपं, आणि 'झाला'चा सापळा

उरेशिइ हे 'इ'ने संपणारं विशेषण, त्यामुळे काळ त्याच्या स्वतःच्या अंगावर चढतो. उरेशिइ देस, आनंद झालाय. उरेशिकात्ता देस, आनंद झाला होता. उरेशिकुनाइ देस, आनंद नाही. उरेशिकुनाकात्ता देस, आनंद झाला नव्हता. मैत्रीत 'देस' गाळायचं, बस्स. मराठीतल्या 'आहे'चं 'होतं' करायच्या सवयीने 'उरेशिइ देशिता' म्हणावंसं वाटतं. ते चूक. 'देस'ला हात लावायचा नाही.

गंमत म्हणजे ही 'उरेशिइ देस' पद्धतही एके काळी वादाची होती. विशेषणाला थेट 'देस' जोडणं जुन्या वळणाच्या लोकांना ओबडधोबड वाटायचं. १९५२ साली सरकारी भाषा परिषदेने आदरार्थी भाषेबद्दल शिफारशी केल्या, त्यांत ही रचना साधी आणि चालण्याजोगी मानली गेली. आज कुणी भुवई उंचावत नाही.

आता सापळा. मराठीत आनंद आत्ता, या क्षणी होत असला तरी आपण भूतकाळ वापरतो: 'तुम्हाला भेटून आनंद झाला.' 'बरं वाटलं.' हे जसंच्या तसं जपानीत नेलं की 'उरेशिकात्ता' होतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, तेव्हा झाला होता, आता ओसरला. समोर उभं राहून भेटवस्तू घेताना 'उरेशिइ!' म्हणा. 'उरेशिकात्ता' ठेवायचं नंतरसाठी: निरोप घेताना, दुसऱ्या दिवशीच्या मेसेजमध्ये, रोजनिशीत.

आणखी एक. मराठीत आनंद 'मला' होतो, म्हणून काही जण 'वाताशि नि' ने सुरुवात करतात. तिथे 'वाताशि वा' हवं. खरं तर तेही बहुतेक वेळा नकोच. नुसतं 'उरेशिइ देस' म्हटलं की ते बोलणाऱ्याचंच असतं. 'वाताशि वा उरेशिइ देस' म्हटलंत तर 'इतरांचं माहीत नाही, मी तरी खूश आहे' असा सूर लागू शकतो. ज्या गोष्टीचा आनंद, तिला 'गा' लागतो: 'सोनो कोतोबा गा उरेशिइ', ते शब्द ऐकून बरं वाटलं.

पायरी ४: आनंद कुणाचा?

हा या लेखाचा गाभा आहे, इथे घाई करू नका.

मराठीत आपण सर्रास म्हणतो, 'आज साहेब खूश आहेत', 'आई आनंदात आहे'. दुसऱ्याच्या मनात डोकावल्यासारखं बोलायला आपल्याला काही वाटत नाही. जपानीत 'बुचोओ वा उरेशिइ देस' (विभागप्रमुख खूश आहेत) हे वाक्य शब्दांच्या दृष्टीने निर्दोष आणि तरीही कानाला विचित्र. त्यांच्या मनातलं तुम्हाला कसं ठाऊक? उरेशिइ हा ज्याचं मन आहे त्यानेच उच्चारायचा शब्द. दुसऱ्याचा आनंद सांगायचा असेल तर तो तुम्हाला कुठून कळला, हे वाक्यातच यावं लागतं.

चेहऱ्यावरून कळला असेल तर शेवटची इ काढून 'सोउ' जोडा: 'बुचोओ वा उरेशिसोउ देस', साहेब खुशीत दिसताहेत.

कुणाकडून ऐकलं असेल तर इ तशीच ठेवून पुढे 'सोउ देस': 'बुचोओ वा उरेशिइ सोउ देस', साहेबांना आनंद झालाय म्हणे. आपला 'म्हणे' इथे चपखल बसतो.

दोन्ही वाक्यं पुन्हा मोठ्याने म्हणून बघा. उरेशिसोउ, उरेशिइ सोउ. फरक फक्त एका मात्रेचा. पहिल्या पायरीत शेवटच्या इ-साठी एवढा आग्रह धरला तो याच कारणाने. ती इ गिळणारा माणूस 'म्हणे' म्हणायला जातो आणि 'दिसताहेत' म्हणून बसतो.

त्याने स्वतः तुम्हाला सांगितलं असेल तर 'उरेशिइ तो इत्ते इमाशिता', आनंद झाला असं म्हणत होते.

वागण्यातून आनंद दिसत असेल तर 'उरेशिगात्ते इरु'. यातलं 'गात्ते' हे 'गारु'चं रूप. हा 'गारु' बाहेरून बघणाऱ्याचा आहे, म्हणून लहान मुलं, पाळीव प्राणी, बरोबरीची मंडळी यांच्यासाठी ठीक. वरिष्ठांसाठी वापरू नका.

आणि सगळ्यात कामाचा उपाय म्हणजे शब्दच बदलणं. 'योरोकोबु' हे क्रियापद बाहेर दिसणाऱ्या आनंदाचं, त्यामुळे ते दुसऱ्याबद्दल निर्धास्त चालतं. 'हाहा गा योरोकोन्दे इमाशिता', आईला आनंद झाला होता. ('हाहा' म्हणजे आपली आई. समोरच्याची आई असेल तर 'ओकाआसान'.) साहेबांबद्दल आदराने सांगायचं तर 'ओयोरोकोबि नि नात्ते इमाशिता'. याच क्रियापदाचं 'योरोकोन्दे' हे रूप म्हणजे 'आनंदाने'. कुणी बोलावलं तर 'हाइ, योरोकोन्दे', हो, आनंदाने येईन.

समोरच्यालाच विचारायचं असेल तर? मैत्रिणीला 'उरेशिइ?' विचारा, काही बिघडत नाही. वरिष्ठांना 'उरेशिइ देस का?' विचारणं मात्र आगाऊपणाचं वाटतं, कारण त्यांच्या मनाची चौकशी करण्याइतकी तुमची जवळीक नसते. त्यांची बढती झाली, मुलगा पास झाला, तर 'ओमेदेतोउ गोझाइमास', म्हणजे अभिनंदन. अडचण टळली, तब्येत सुधारली, तर 'योकात्ता देस ने', बरं झालं हो. हे 'योकात्ता देस ने' आजच पाठ करा. दुसऱ्याच्या आनंदात सामील व्हायला जपानी लोक दिवसभर हेच वापरतात.

कथा-कादंबऱ्यांत 'तो खूश होता' या अर्थी थेट उरेशिकात्ता वाचायला मिळेल. निवेदकाला पात्राच्या मनात शिरायची मुभा असते. तुम्हाला ऑफिसात ती नाही.

पायरी ५: कशामुळे? आपला '-ऊन' आणि त्यांचा '-ते'

इथे मराठी माणसाचं नशीब जोरावर आहे. 'भेटून आनंद झाला', 'ऐकून बरं वाटलं' ही आपली रचना जपानीत जवळपास जशीच्या तशी आहे: क्रियापदाचं 'ते' रूप, पुढे भावना. 'किइते' म्हणजे ऐकून, 'मोरात्ते' म्हणजे मिळून. वाक्याचा क्रमही तोच. इंग्रजीतून शिकणारे कारण आधी की नंतर यातच अडकतात, आपण सरळ पुढे जातो.

फक्त एका ठिकाणी पाय घसरतो. 'भेटणे' म्हणजे 'आउ', त्याचं ते-रूप 'आत्ते'. म्हणून 'आत्ते उरेशिइ देस'? नाही. जपानी माणूस म्हणतो 'आएते उरेशिइ देस'. 'आएरु' म्हणजे भेटता येणं. भावनेचं कारण सांगताना ते-रूपात असं काही हवं जे आपोआप घडलं किंवा नशिबाने जमून आलं. आपण ठरवून केलेली कृती तिथे बसत नाही. यासाठी एक घरगुती कसोटी वापरा. मराठी वाक्यात 'यला मिळालं' घालून बघा. 'तुम्हाला भेटायला मिळालं' असं म्हणता येतं? मग जपानीत 'करता येणे'चं रूप घ्या:

निहोन ए इकेते उरेशिइ, जपानला जायला मिळालं म्हणून आनंद.
हानासेते उरेशिइ, बोलायला मिळालं म्हणून आनंद.
ओआइ देकिते उरेशिइ देस, आपली भेट झाली, आनंद वाटला. हे आदराचं, पहिल्या भेटीत चालणारं.

'परीक्षा पास झाले' यात पास होणं काही पूर्णपणे आपल्या हातात नसतं, म्हणून तिथे साधं ते-रूपच: 'शिकेन नि उकात्ते उरेशिइ'.

दुसऱ्याने आपल्यासाठी काही केलं असेल तर 'कुरेते' जोडा. 'किते कुरेते उरेशिइ', तू आलास, बरं वाटलं. आपल्याकडेही 'लिहून दिलं', 'करून दिलं' यात 'देणं' आहेच, पण ते मोजक्या क्रियापदांपुरतं. जपानीत येणं, ऐकणं, थांबणं, आठवण ठेवणं, सगळ्यालाच ते लागतं: 'ओबोएते इते कुरेते उरेशिइ', लक्षात ठेवलंस, किती बरं वाटलं! हे 'कुरेते' गाळलं तर समोरचा योगायोगाने आला आणि तुम्हाला आनंद झाला, इतकंच उरतं. त्याने तुमच्यासाठी तसदी घेतली ही जाणीव वाक्यातून गळून जाते. तानाका-सानांसारख्या मोठ्यांशी बोलताना 'कुरेते'च्या जागी 'कुदासात्ते' किंवा 'इतादाइते'.

कौतुकाचं उदाहरण वेगळं बघू, कारण तिथे आपण हमखास गडबडतो. कुणी 'तुमचं जपानी छान आहे' म्हटलं की आपण 'कसचं काय' म्हणतो, आणि जपानीतही 'इए इए, सोन्ना कोतो नाइ देस' हे त्याच जातीचं उत्तर आहे. पण दर वेळी तेच म्हटलं की संभाषण तिथेच संपतं. त्यापुढे जोडा: 'देमो, सोउ इत्ते इतादाकेते उरेशिइ देस', तरी आपण तसं म्हणालात याचं फार बरं वाटलं. नम्रताही राहते आणि समोरच्याचं कौतुक वायाही जात नाही.

पायरी ६: विनंती आणि औपचारिक बोलणं

उरेशिइ विनंतीलाही उपयोगी पडतो. 'किते कुरेतारा उरेशिइ', आलास तर बरं वाटेल. हुकूम नाही, 'कृपया'चा कोरडेपणा नाही, नाही म्हणायला जागाही आहे. मित्रांत आणि ऑफिसातल्या ओळखीच्या लोकांत हे उत्तम. बाहेरच्या कंपनीला ईमेल लिहिताना मात्र 'उरेशिइ देस' थोडं घरगुती पडतं, तिथे 'साइवाइ देस' लिहितात: 'ओहेन्जि इतादाकेरेबा साइवाइ देस', उत्तर पाठवल्यास आभारी राहीन.

भाषणात किंवा पत्रात 'उरेशिकु ओमोइमास'. त्याहून वरचं 'उरेश्युउ गोझाइमास' आजकाल फार थोड्यांच्या तोंडी असतं, पण त्याची घडण बघण्यासारखी आहे. 'गोझाइमास'च्या आधी आलेल्या विशेषणाचा शेवट असा बदलतो. 'आरिगाताइ'चं आरिगातोउ गोझाइमास, 'हायाइ'चं (लवकर) ओहायोउ गोझाइमास, 'मेदेताइ'चं ओमेदेतोउ गोझाइमास. पहिल्या दिवशी पाठ केलेली ही तीन वाक्यं म्हणजे खरं तर त्या जुन्या रूपाचीच उदाहरणं होती.

पायरी ७: वाचताना ओळखणं

हिरागानात, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायच्या जपानी लिपीत, हा शब्द चार अक्षरांचा. दुसरं अक्षर 'रे' हे 'ने' आणि 'वा' यांच्याशी हटकून गोंधळतं. तिघांची डावी बाजू सारखीच, म्हणून शेवटचं टोक बघा: रे बाहेरच्या बाजूला वळून सुटतो, ने-ला गाठ बसते, वा आत वळतो. 'शि' गळासारखा.

या शब्दाची कांजी, म्हणजे चिनीतून आलेलं अर्थवाचक चिन्ह, पंधरा रेघांची आहे: डावीकडे 'स्त्री', उजवीकडे 'आनंद'. नेहमीच्या वापराच्या २१३६ कांजींच्या सरकारी यादीत ती नाही, म्हणून वर्तमानपत्रं हा शब्द सहसा हिरागानात छापतात. मेसेजमध्ये आणि कथांमध्ये मात्र ती सारखी भेटते. तेव्हा ओळखता आली पाहिजे, हाताने लिहिता आली नाही तरी पहिल्या वर्षात काही अडत नाही. क्यूशू बेटावर सागा प्रांतात उरेशिनो नावाचं गाव आहे, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी आणि चहासाठी प्रसिद्ध. त्याच्या नावात हीच कांजी आहे. जखमी पक्षी तिथल्या पाण्याने बरा झालेला पाहून जिंगू सम्राज्ञीच्या तोंडून आनंदाचा उद्गार निघाला आणि गावाला ते नाव पडलं, अशी दंतकथा सांगतात. २०२२च्या सप्टेंबरपासून तिथे शिंकानसेनही थांबते, त्यामुळे नकाशात आणि वेळापत्रकात ही कांजी आता सहज दिसते.

वाचताना आणखी काही जोडशब्द भेटतील. 'उरेशिनामिदा' म्हणजे आपले आनंदाश्रू. 'उरेशिइ हिमेइ' म्हणजे शब्दशः आनंदाची किंकाळी: दुकानात इतकी गिऱ्हाइकं की मालकाला दम खायला फुरसत नाही, अशा वेळी बातम्यांत हे हटकून येतं. 'उरेशिइ न्यूउसु' म्हणजे आनंदाची बातमी. मात्र 'आनंदी स्वभावाचा माणूस' म्हणायला 'उरेशिइ हितो' चालत नाही, तिथे 'आकारुइ हितो'.

पायरी ८: सराव कसा करायचा

शब्दाची कार्डं बनवू नका, वाक्यांची बनवा. एका बाजूला मराठी प्रसंग, दुसऱ्या बाजूला अख्खं जपानी वाक्य. 'मैत्रीण स्टेशनवर घ्यायला आली' याच्या मागे 'मुकाए नि किते कुरेते उरेशिइ'. कार्डावर नुसतं 'उरेशिइ = आनंद' लिहिलंत तर ते तसंच पडून राहील.

रात्री एक ओळ लिहा, जिचा शेवट 'ते उरेशिकात्ता' असाच असेल. क्यो-ओ, म्हणजे आज, ने सुरुवात करा. 'क्यो-ओ, बासु नि सुवारेते उरेशिकात्ता', आज बसमध्ये बसायला जागा मिळाली, बरं वाटलं. मोठे आनंद शोधत बसू नका, पीएमपीच्या बसमध्ये खिडकी मिळणं पुरेसं आहे. लिहून झाल्यावर तीन गोष्टी तपासा: 'यला मिळालं'ची कसोटी लावली का, कुणी काही केलं असेल तर 'कुरेते' आहे का, आणि आनंद स्वतःचाच आहे ना. दुसऱ्याचा निघाला तर ओळ 'योरोकोन्दे इमाशिता'वर संपवा.

ऐकण्यासाठी सामन्यानंतरच्या मुलाखती घ्या. बेसबॉलमध्ये विजयी खेळाडूला मैदानावरच उभं करून प्रश्न विचारतात. उत्तरं छोटी, शब्द ठरावीक, आणि 'उरेशिइ देस' वारंवार. 'सुनाओ नि उरेशिइ देस' (मनापासून, आडपडदा न ठेवता) हेही ऐकू येईल. थांबवा, म्हणा, पुन्हा लावा.

हे अंगवळणी पडलं की पुढचे शब्द याच वाटेने जातात. 'शिइ'ने संपणारी भावनेची विशेषणं जपानीत पुष्कळ आहेत: कानाशिइ (दुःख), साबिशिइ (एकटेपण), कुयाशिइ (हरल्यावर होणारी चिडचिड आणि हळहळ एकत्र), हाझुकाशिइ (लाज), उरायामाशिइ (हेवा), नात्सुकाशिइ (जुन्या आठवणीने भरून येणं, यातला 'त्सु' म्हणजे आपल्या 'चुका'तला 'चु'). प्रत्येकाला तेच प्रश्न विचारा. 'माकेते कुयाशिइ', हरल्याचं वाईट वाटतंय, हे स्वतःचं. मित्राबद्दल 'कुयाशिसोउ' किंवा 'कुयाशिगात्ते इरु'. कोवाइ (भीती), इताइ (दुखणं) यांचा शेवट वेगळा असला तरी नियम हाच: दुसऱ्याचं पोट दुखतंय हेही तुम्ही थेट सांगायचं नाही, 'इतासोउ' म्हणायचं.

आणि उलट बाजूने, 'शिइ'ने संपतं म्हणून प्रत्येक शब्दाला घाबरू नका. आताराशिइ (नवीन), ओइशिइ (चविष्ट), इसोगाशिइ (कामात असलेला) या काही मनातल्या गोष्टी नाहीत. 'तानाका-सान वा इसोगाशिइ देस' खुशाल म्हणा.